आबांचा मोतीबिंदू आणि शेवटला काळ

माझे सासरे दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता जगाचा शेवट शिकवत. साडेसातला चहा असे.

देवपुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग भरायचा. वरणगावच्या फॅक्टरीत आबांनी जन्मभर इन्स्पेक्शनचं काम केलं. पुढ्यात आलेली वस्तू मापात आहे की नाही हे बघायचं, नसेल तर बाजूला टाकायची. रिटायर झाल्यावर ते आमच्याकडे धुळ्याला राहायला आले आणि तेच काम त्यांनी बायबलातल्या भविष्यवादाच्या बाबतीत सुरू केलं. कुठल्या देशात भूकंप झाला, कुठे टोळ आले, कुठल्या दोन राजांनी हात मिळवले, हे सगळं ते शास्त्राच्या मापाला लावून बघत आणि वर्गाला सांगत, “मापात बसतंय.”

वर्गासाठी त्यांच्याकडे एक तक्ता होता. मांजरपाटाच्या कापडावर एका संदेष्ट्याच्या स्वप्नातली चार श्वापदं रंगवलेली. भुसावळचा जो पेंटर ट्रकांच्या मागे मोर आणि कमळं काढायचा, त्याच्याकडून आबांनी ती तरुणपणी काढून घेतली होती. त्यामुळे सिंहाला पंख होते तसे गालही होते, आणि अस्वल कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं दिसायचं. चौथ्या, सगळ्यात भयंकर श्वापदाच्या खाली पेंटरला ‘पुन्हा भेटू’ असं लिहायचं होतं. ते आबांनी रोखलं, असं ते अभिमानाने सांगत.

मी धरणगावची. लग्नाआधी आमच्या घरी प्रार्थना व्हायची, पण शेवटल्या काळाची कुणी फारशी चौकशी करत नसे. आबा राहायला आल्यावर मला पहिल्याच वर्षी बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातले सात शिक्के, सात कर्णे आणि सात वाट्या पाठ झाल्या. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे साडेतीन काळ म्हणजे किती दिवस, असले हिशेब आबा वर्गात मलाच विचारत. मी उत्तर दिलं की म्हणत, “बघा, गणितसुद्धा साक्ष देतंय.”

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत आबा फारच आध्यात्मिक होत चालले होते. आधी त्यांनी पेपर सोडला. सकाळी दारात पडलेला पेपर ते उचलून माझ्या नवऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, “जे होणार ते आधीच लिहून ठेवलंय. शिळं काय वाचायचं?” मग स्कूटर सोडली. पायी चालण्यात नम्रता आहे, असं म्हणाले. मग हातातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलं, कारण तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, तर घड्याळाकडे बघून उपयोग काय? पूर्वी माझ्या वरणात एखादा खडा निघाला तर ते तो ताटाच्या कडेला अशा रीतीने ठेवत की सगळ्यांना दिसावा. तेही बंद झालं. जे वाढलं ते मुकाट्याने खात. घरात जाळं असो, फरशीवर डाग असो, एक शब्द नाही.

आम्ही भारावून गेलो. माझा नवरा म्हणायचा, “बाबा आता अगदी संतच झाले.” पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात, नाव न घेता पण पहिल्या बाकाकडे बघून, जगाच्या गोष्टींपासून अलिप्त झालेल्या एका ज्येष्ठ बंधूचं उदाहरण दिलं. आबांनी मान खाली घातली. ती नम्रतेने घातली असं आम्हाला वाटलं.

आमच्या वर्गाला वर्षा-दोन वर्षांपासून एक मावशी येत. अंगणवाडीत मदतनीस होत्या, वय पन्नाशीचं, माहेर साक्रीकडचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी नातीच्या अंकलिपीवरून त्या अक्षरं शिकल्या आणि मग थेट बायबलच वाचायला घेतलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्या वाचत. मागे बसलं की ऐकू येत नाही म्हणून त्या आबांच्या अगदी कोपराला लागून बसत.

एका मंगळवारी चहाच्या वेळी त्या माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या. कप धुवायला घेतले आणि हळूच म्हणाल्या, “बाई, आबाले दखास नही.”

मला नीट कळलं नाही. “काय दिसत नाही?”

“काहीच दखास नही. आज केवढा लांब अध्याय वाचा त्यास्नी. मी बोट धरीसन वाची राहिंतू. मन्हं पान पलटाई गयं. त्यास्नी पान पलटंच नही.”

“अहो, पाठ असेल त्यांना.”

“पाठ तर शेच. बठ्ठं पाठ शे. पण मंग पुस्तक उघडीसन डोया कशाले लावतस?”

मी हसण्यावारी नेलं. पण त्या गेल्यावर मी आबांकडे बघायला लागले, आणि पुढच्या दोन दिवसांत मला इतकं दिसलं की माझीच मला लाज वाटली. चहाचा कप घेताना ते तर्जनी आत बुडवून चहा कुठवर आहे ते बघत. पायरी उतरताना आधी चपलेने चाचपत. दारात गॅस सिलिंडरवाला आला, तर त्याला त्यांनी “जय ख्रिस्त, पाळकसाहेब, या, बसा” म्हणून आत घेतलं. तो बिचारा बसलाही. आम्ही ज्याला वैराग्य म्हणत होतो तो निव्वळ मोतीबिंदू होता. पेपर दिसत नव्हता, समोरचा ट्रक दिसत नव्हता, घड्याळाचे काटे दिसत नव्हते, वरणातला खडा तर नाहीच.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तूच बोल. माझं ते ऐकत नाहीत.” मी रविवारी जेवण होत आलं तेव्हा विषय काढला.

“आबा, डोळे दाखवून येऊ या का एकदा?”

“डोळ्यांना काय झालंय?”

“तुम्हाला दिसत नाही.”

“जे बघायला हवं ते दिसतं.”

“तसं नव्हे, आबा. मोतीबिंदू असेल. आता काही त्रास नसतो. अर्ध्या तासात घरी सोडतात.”

आबा ताठ झाले. “पोरी, सगळी चिन्हं पूर्ण होत आलीत. प्रभू केव्हाही येईल. आपल्या सगळ्यांना गौरवी शरीर मिळणार आहे, नव्या डोळ्यांसकट. चार दिवसांसाठी हे जुनं काय दुरुस्त करत बसायचं?”

मला राहवलं नाही. “मग गेल्या महिन्यात इन्व्हर्टर घेताना दुकानदाराशी पाच वर्षांच्या वॉरंटीसाठी एवढे का भांडलात?”

“ते तुमच्यासाठी,” आबा म्हणाले.

हे बोलून ते हात धुवायला गेले. माझा नवरा म्हणाला, “म्हणजे बाबा वर जाणार, आणि आपण खाली इन्व्हर्टर घेऊन?”

पुढच्या मंगळवारी वर्ग नेहमीसारखा सुरू झाला. तक्ता खिळ्याला टांगलेला, आबा खुर्चीत, मांडीवर उघडं बायबल. प्रार्थना झाली. शेवटल्या काळी पूर्वेकडून येणाऱ्या राजांविषयी ते सुरुवात करणार, एवढ्यात मावशींनी हात वर केला. मग हात वर केलेला आबांना दिसणार नाही हे लक्षात येऊन त्या मोठ्याने खोकल्या.

“आबा, माले एक शंका शे.”

“विचार.”

“त्या गावबाहेर नेलेला आंधळा मानूस शे ना, त्याले प्रभूले दोन डाव हात का बरं लावना पडना? बाकी बठ्ठास्ले तर एकच डाव लाया.”

राजांचा आणि दोनदा हात ठेवण्याचा काही संबंध नव्हता, पण शंका आली की आबांची कळी खुलायची. त्यांनी बायबल मिटून बाजूला ठेवलं. प्रभू त्या आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर कसा घेऊन गेला ते सांगितलं. सगळ्यांसमोर तमाशा नको म्हणून बाहेर नेलं, हेही सांगितलं. मग पहिल्यांदा हात ठेवला. काय दिसतं म्हणून विचारलं.

“आता हा माणूस खोटं बोलला नाही,” आबा म्हणाले. “प्रभूला वाईट वाटेल म्हणून ‘छान दिसतंय’ असं म्हणाला नाही. जे खरं ते सांगितलं. मला माणसं दिसतायत, पण झाडांसारखी. चालणारी झाडं…”

इथे ते थांबले.

वर पंखा फिरत होता. आबा समोर बघत होते, म्हणजे चेहरा समोर होता. आम्हाला वाटलं पुढचा मुद्दा आठवतायत.

“मला वर्षभर असंच दिसतंय,” ते म्हणाले.

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. वर्गाचा आवाज नव्हता तो. मग ते म्हणाले, “आज कोण कोण आलंय? जरा आपापली नावं सांगा बरं.”

एकेकाने नाव सांगितलं. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते. माझी पाळी आली तेव्हा मला नाव सांगता येईना. मी नुसतं “मी” म्हणाले. ते म्हणाले, “हां, तू आहेस ते ठाऊक आहे.”

मावशी तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, “आबा, प्रभूले दोन डाव लागनात. डाक्टरलेबी दोन डाव लागतीन. एक हाऊ डोया, एक तो डोया. त्यामा काय?”

त्या दिवशी पूर्वेकडचे राजे वाटेतच राहिले.

नंतर मी मावशींना विचारलं, की तुम्ही ठरवून ती शंका काढलीत ना? त्या म्हणाल्या, “नही व माय. मन्ही खरंच शंका व्हती. उत्तर भेटनंच नही, तशीच रही गई.” मी अजून ठरवू शकलेले नाही की त्या खरं बोलत होत्या की नाही.

ऑपरेशनच्या दिवशी माझा नवरा कामावरून निघू शकला नाही, म्हणून मीच आबांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. जगाचा अंत इतकी वर्षं शांतपणे शिकवणारा हा माणूस माझ्या हातात हात घालून बसला होता.

पूल गेल्यावर त्यांनी सांगितलं. ते नुकतेच नोकरीला लागले होते, तेव्हा त्यांच्या वडिलांचा मोतीबिंदू काढला होता. तेव्हाची पद्धत वेगळी. आठ दिवस उताणं झोपायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. आबांनी रजा काढून उशाशी बसायचं ठरवलं. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकी उघडली, कारण उकडत होतं. बाहेर कुठेतरी मिरच्या भाजत होत्या. वडिलांना शिंक आली. तो डोळा परत आलाच नाही. वडीलही उपदेशक होते. उरलेली सगळी वर्षं एका डोळ्याने त्यांनी उपदेश केले आणि मुलाला कधी काही बोलले नाहीत.

“बोलले असते तर बरं झालं असतं,” आबा म्हणाले.

गौरवी शरीरावरून मी जी थट्टा केली होती ती मला आठवत होती. मी म्हटलं, “आबा, आता वाळूच्या पिशव्या नसतात.”

“शिंक आली तर?”

“आली तर द्यायची.”

त्यांनी जाऊन डॉक्टरला पहिला प्रश्न तोच विचारला. डॉक्टर तरुण मुलगी होती. ती म्हणाली, “आजोबा, माझं काम झाल्यावर हव्या तेवढ्या शिंका.” मग ते आत गेले आणि मी बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करायला घेतली, पण डोक्यात सारख्या मिरच्याच येत होत्या. अर्ध्या तासाने ते डोळ्यावर पांढरी पट्टी लावून बाहेर आले आणि म्हणाले, “एवढंच?” थोडे नाराजच वाटले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आबांनी काळा चष्मा चढवला, तो पुन्हा काढला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“पोरी, तुझे केस केव्हा पिकले?”

“तुम्ही पेपर सोडलात त्या सुमारास,” मी म्हटलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरी फार कठीण गेले. आमचा संत गेला आणि फॅक्टरीचा इन्स्पेक्टर परत आला. पंख्याच्या पात्यांवर धूळ आहे. न्हाणीघराच्या कोपऱ्यात शेवाळ आहे. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा लागायला हवा, तो पिवळा का लागतोय? पेपर त्यांना पहिला लागे, आणि वाचून झाला की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने खुणा करून ठेवत. रविवारी चर्चमध्ये मंडळीची पत्रिका हातात आली तर उपासनेच्या मध्येच त्यांनी मला कोपराने ढोसून एक चुकलेली वेलांटी दाखवली. घड्याळ कपाटातून बाहेर आलं. आणि एके दुपारी, माझ्या ताटाशेजारी बसून त्यांनी भातातून काहीतरी काढलं, दोन बोटांत धरून उजेडात बघितलं, आणि ताटाच्या कडेला ठेवलं. माझा नवरा माझ्याकडे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला.

तक्ता त्यांनी स्वतःच भिंतीवर टांगला आणि बराच वेळ त्यासमोर उभे राहिले. “हा चित्ता आहे?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्हीच सांगता तसं.”

“याला पापण्या आहेत.”

“आधीपासून आहेत, आबा.”

“वीस वर्षं लोकांना मी या मांजराची भीती घालतोय,” ते म्हणाले, आणि तक्ता गुंडाळून ठेवला.

पण खरी अडचण पुढे होती आणि ती आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. वर्ग सुरू झाला तेव्हा पंधरा माणसं येत. त्यासाठी पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या आणलेल्या. पुढे कुणी पुण्याला मुलाकडे गेलं, कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणाची मालिका त्याच वेळेला लागायची. वर्ग सातावर आला. पण खुर्च्या आम्ही सवयीने पंधराच मांडत होतो. रिकाम्या खुर्च्यांवर बायका पर्स ठेवत, शाली टाकत, कुणी भाजीची पिशवी. आबांना समोर रंगीबेरंगी, भरगच्च वर्ग दिसत होता.

ऑपरेशननंतर वर्ग पुन्हा भरला, त्या पहिल्या मंगळवारी ते खुर्चीत बसले, चष्मा सारखा केला आणि सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मावशींकडे बघून म्हणाले, “तू एवढीशीच आहेस होय? आवाजावरून मला वाटायचं चांगली उंचनिंच असशील.” सगळे हसले. मग त्यांची नजर मागे गेली.

“आजही बाकीचे आले नाहीत?”

वर्गाला येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने खुर्चीवरची मेथीची जुडी उचलून मांडीवर घेतली, जणू तिच्यामुळेच जागा अडली होती.

मी म्हटलं, “आबा, आपण इतकेच असतो.”

“केव्हापासून?”

“दोन वर्षं होतील.”

त्यांनी त्या दिवशी प्रार्थना करून वर्ग लवकर सोडला. दोन दिवस त्यांनी पेपरवर लाल पेन चालवलं नाही. मला वाटलं, झालं, आता वर्ग बंद. माणसाला दिसायला लागलं आणि त्याच्या हातचं काम गेलं, म्हणून मला अपराध्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आबा अंगणात खुर्च्या पुसत होते. आठ खुर्च्या त्यांनी एकात एक घालून गच्चीवर नेऊन ठेवल्या. उरलेल्या सात पुढच्या खोलीत गोल मांडल्या. स्वतःसाठीही त्यातलीच एक धरली आणि मग मोजलं तर एक कमी पडत होती, म्हणून पुन्हा गच्चीवर गेले.

“समोर बसलं की माणूस ओरडून बोलतो,” ते मला म्हणाले. “सात माणसांना कशाला ओरडायचं?”

शेवटला काळ त्यांनी काही सोडला नाही. प्रभू येणार यावर त्यांचा विश्वास आहे तसाच आहे, आणि मला कधी कधी वाटतं की माझ्यापेक्षा बराच पक्का आहे. पण शिक्के आणि कर्णे बाजूला ठेवून त्यांनी दाखले, म्हणजे प्रभूने सांगितलेल्या छोट्या गोष्टी, शिकवायला घेतले. दिवाळीनंतर दुसराही डोळा झाला, त्या वेळी रिक्षात ते सगळा रस्ता बोलत होते, विशेषतः रिक्षावाल्याशी, त्याच्या आरशाविषयी.

सध्या आमच्याकडे दहा कुमारींचा दाखला चालू आहे. म्हणजे तो एकाच मंगळवारी संपायचा होता. रात्री दहा मुली दिवे घेऊन नवऱ्या मुलाची वाट बघतायत. पाच शहाण्या, त्यांच्याकडे जादा तेल. पाच मूर्ख, त्यांच्याकडे नाही. नवरा मुलगा आला, शहाण्या आत गेल्या, दार बंद. आबांनी छान समजावून सांगितलं. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेजारनीस्ले थोडं तेल दिधं नही, त्या कसान्या शहाण्या?”

आबा म्हणाले, तेल म्हणजे विश्वास, तो उसना देता येत नाही. मावशी म्हणाल्या, तेल म्हणजे तेल. त्यांच्या गल्लीत लग्नघरी निघालेल्या बाईची अशी अडचण झाली असती तर दहाजणींनी थोडं थोडं तेल काढून दिलं असतं आणि सगळ्या आत गेल्या असत्या, आणि एवढ्यावरून दार बंद करणाऱ्या नवऱ्या मुलाला आत्याबाईने चांगलं ऐकवलं असतं.

आबांनी दुसरं स्पष्टीकरण दिलं. मग तिसरं. तिसरं मलाही पटलं होतं. मावशींना पटलं नाही. शेवटी आबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “मला ठाऊक नाही. बघून सांगतो.”

माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. बायबलातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल आबा असं म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर चार मंगळवार झालेत. आबा रोज सकाळी पेपरआधी तो दाखला वाचतात. आम्ही कुणी त्यांना विचारत नाही. काल मात्र ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, पाचजणींचं तेल दहा दिव्यांना वाटलं तर किती वेळ पुरेल, याचं गणित मांडता येईल का ग?” मी म्हटलं, दिव्याचं माप ठाऊक असेल तर येईल. ते जुन्या बाजारात दिवा बघायला गेलेत.